मुक्तस्रोत हँडहेल्ड गेमिंग संगणक: मागणी नोंदवण्यापासून पहिल्या खेळापर्यंत

दोन हातांत मावणारा, खेळ खेळता येईल, प्रोग्रॅम लिहिता येईल, आतल्या सर्किटचे आरेखन वाचता येईल आणि बिघडला तर स्वतः उघडता येईल असा संगणक हवा असणाऱ्या नाशिकमधल्या विद्यार्थ्यांसाठी व हौशी मंडळींसाठी हा लेख लिहिला आहे. असे यंत्र कॉलेज रोडवरच्या दुकानात मांडलेले सापडत नाही. ते परदेशातून सुट्या भागांत येते, सोबत बॅटरी नसते, आणि त्याची माहिती इंग्रजीत दहा ठिकाणी विखुरलेली असते. मी या सगळ्यातून गेलो आहे, आणि मनापासून सांगतो की यात अवघड असे फारसे काही नाही; मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

१. कोणते यंत्र, आणि ते किती मुक्त

या यंत्रांना एक परंपरा आहे आणि ती ठाऊक असली तर निवड सोपी होते. दक्षिण कोरियातून २००१ मध्ये जीपी३२ आणि २००५ मध्ये लिनक्सवर चालणारे जीपी२एक्स आले. त्यांच्या चाहत्यांनी मिळून ‘पँडोरा’ची कल्पना रचली आणि २०१० मध्ये ते ग्राहकांच्या हाती पडू लागले. ४.३ इंचांचा ८०० बाय ४८० पडदा, ६०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, अवघी २५६ मेगाबाइट रॅम, दोन एसडी कार्डांच्या खाचा आणि खेळाच्या बटणांसोबत पूर्ण कळफलक, असे ते यंत्र होते. त्यातली मला सर्वाधिक आवडणारी गोष्ट म्हणजे पीएनडी हा फाइलप्रकार: संपूर्ण प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये, कार्डावर ठेवला की चालू, काढला की प्रोग्रॅम गेला. त्याचा वारस असलेला ‘पायरा’ डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालतो आणि त्याचे मुख्य भाग वेगवेगळ्या बोर्डांवर असल्याने बदलता येतात. मात्र ही दोन्ही यंत्रे मोजक्या संख्येने बनली आणि नवशिक्याने त्यांच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

नवशिक्यासाठी मी क्लॉकवर्कपायच्या ‘यूकन्सोल’ची शिफारस करतो. पाच इंचांचा १२८० बाय ७२० पडदा, कळफलक, छोटा ट्रॅकबॉल, डावीकडे दिशाबटणे, उजवीकडे चार खेळबटणे आणि धातूचे आवरण, असा हा संच आहे. सोल्डरिंग लागत नाही आणि त्यात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकांच्या निर्मात्यांचे कॉम्प्युट मॉड्यूल ४ (प्रोसेसर आणि रॅम असलेला छोटा बोर्ड) बसते. हे मॉड्यूल भारतात मिळते, आणि उद्या प्रोसेसर बदलायचा झाला तर सगळे यंत्र टाकून द्यावे लागत नाही.

‘मुक्तस्रोत’ हा शब्द पाहून सगळेच खुले आहे असे मात्र समजू नका. यूकन्सोलची सर्किट आरेखने आणि कळफलकाचे फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम) प्रसिद्ध केलेले आहे, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल खुला आहे, आणि मॉड्यूलमधला ग्राफिक्स भाग चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मेसा या मुक्त प्रकल्पात खुला आहे. परंतु यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारे रास्पबेरी पायचे फर्मवेअर बंदिस्त आहे. पँडोरातही ग्राफिक्सचा ड्रायव्हर बंदिस्तच होता. कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी आरेखन, कर्नल, ड्रायव्हर आणि फर्मवेअर या चारही गोष्टींची वेगवेगळी चौकशी करावी. जाहिरातीतल्या एका शब्दावर विसंबू नये.

२. आधी काय जमवावे

कागदपत्रे: आधार कार्ड, पॅन कार्ड, मागणीचे बिल, पैसे भरल्याची बँकेची नोंद, आणि वस्तूचे वर्णन असलेल्या पानाची छापील प्रत. मागणीवरचे तुमचे नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने, एवढ्या फरकानेही कुरिअरकडची ओळखपडताळणी अडकते. आपल्या शहराचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे प्रचलित आहे, तेव्हा आधारवर जे असेल तेच लिहावे आणि ४२२ ने सुरू होणारा आपला पिनकोड बिनचूक द्यावा.

साधने: स्वयंपाकघरातला ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, साधा मल्टिमीटर, बोथट टोकाचा चिमटा, मायक्रोएसडी कार्ड रीडर आणि एखादा चालू संगणक. स्क्रू खोलण्याची षटकोनी चावी संचात असते. मल्टिमीटर मित्राकडून मागून आणला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय पाचव्या टप्प्याला हात घालू नका.

३. कोअर मॉड्यूल निवडणे

सर्वाधिक लोक इथेच फसतात. कॉम्प्युट मॉड्यूल ४ हे दिसायला एकसारखे, पण डझनावारी प्रकारांत मिळते आणि प्रकार ओळखायचा तो फक्त क्रमांकावरून. उदाहरणार्थ सीएम४१०४००० हा क्रमांक घ्या. ‘सीएम४’ नंतरचा १ म्हणजे वायफाय आहे (० असेल तर नाही), त्यानंतरचे ०४ म्हणजे चार गिगाबाइट रॅम, आणि शेवटचे ००० म्हणजे मॉड्यूलवर स्वतःची साठवण नाही. या शेवटच्या प्रकाराला ‘लाइट’ म्हणतात आणि आपल्याला तोच हवा. शेवटी ०३२ असेल तर मॉड्यूलवर बत्तीस गिगाबाइटची ईएमएमसी साठवण असते. ही साठवण आणि मायक्रोएसडी कार्ड एकाच जोडणीवर असल्यामुळे ईएमएमसी असलेल्या मॉड्यूलवर कार्डाची खाच चालतच नाही. दुकानदार ‘साठवण असलेले चांगले, थोडेच पैसे जास्त’ असे सांगतो, ग्राहकालाही ते पटते, आणि नंतर कार्ड घालून बटण दाबले की पडदा काळाच राहतो.

मॉड्यूलविना संच मिळत असेल तर तो मागवून मॉड्यूल रास्पबेरी पायच्या अधिकृत भारतीय विक्रेत्याकडून घ्यावे. त्यामुळे आयात होणाऱ्या वस्तूचे मूल्य घटते आणि मॉड्यूल सदोष निघाले तर परत करणे सोपे जाते. चार गिगाबाइट रॅम या कामाला पुरते. ४जी मॉड्यूलचा पर्याय पहिल्या खरेदीत टाळा: त्याचा खर्च वेगळा, अँटेना वेगळी, शिवाय ते बॅटरीही खाते.

४. मागणी आणि सीमाशुल्क

हे संच तुकड्यातुकड्यांनी बनतात, त्यामुळे पैसे भरल्यापासून हाती पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात, हे गृहीत धरूनच मागणी नोंदवावी. परीक्षेनंतरच्या सुट्टीत हवा असेल तर दिवाळीच्या आसपास हालचाल करावी.

सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. त्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, मूळ शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), असा साधारण क्रम आहे. समजा बेरीज २०,००० रुपये, मूळ शुल्काचा दर १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरला, तर मूळ शुल्क २,०००, अधिभार २००, आणि २२,२०० वर आयजीएसटी ३,९९६, म्हणजे एकूण ६,१९६ रुपये होतात. हे दर फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष दर वस्तूच्या वर्गीकरणावर अवलंबून असतो आणि अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून मागणी नोंदवण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर तो पाहून घ्यावा. कुरिअरची हाताळणी फी याखेरीज असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने लॅपटॉप, टॅब्लेट आणि लहान आकाराच्या संगणकांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आणले, तेव्हा अशा यंत्रांच्या चाहत्यांमध्ये बरीच घबराट झाली होती. त्याच अधिसूचनेत टपालाने किंवा कुरिअरने मागवलेल्या एका नगाला परवान्यातून सूट दिली आहे. शुल्कातून मात्र नाही. म्हणून मित्रांनी मिळून एकाच पार्सलात तीन संच मागवण्याचा मोह आवरावा. प्रत्येकाने आपापल्या नावाने मागवावा.

विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ असे लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगू नये. भेटवस्तूंना मिळणारी जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली आहे, आणि खोटी किंमत दाखवणे हा गुन्हा आहे. पार्सल मुंबईत अडकले आणि स्पष्टीकरण मागितले गेले, तर बिल, बँकेची नोंद आणि वस्तूचे वर्णन ही तीन कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये त्याच दिवशी पाठवावीत. उत्तराला जितका उशीर, तितके गोदामाचे भाडे वाढण्याची शक्यता असते.

५. बॅटरी: इथे घाई अजिबात नको

यूकन्सोलमध्ये १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल लागतात. लिथियम सेलच्या हवाई वाहतुकीवर निर्बंध असल्याने ते संचात नसतात, इथेच घ्यावे लागतात. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यामुळे महात्मा गांधी रस्त्यावर असो वा ऑनलाइन, ज्या सेलवर ९,८०० किंवा ६,००० असे छापलेले असेल तो नकली आहे, हे निःशंकपणे समजावे. असे सेल टॉर्चमध्ये चालून जातात, पण प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की यंत्र खेळाच्या मध्येच बंद पडते आणि माणूस विनाकारण मदरबोर्डला दोष देत बसतो.

काटा इथेच कामी येतो. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत काय असेल ते ओळखावे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या सेलना नवे प्लास्टिक आवरण चढवूनही विकतात. आवरणाच्या कडेशी, ऋण टोकाच्या पत्र्यावर, स्पॉट वेल्डिंगचे बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसले तर तो सेल वापरलेला आहे. ‘प्रोटेक्टेड’ प्रकारच्या सेलच्या बुडाशी छोटे सर्किट असल्याने तो ६५ मिलिमीटरपेक्षा काही मिलिमीटर लांब असतो, तेव्हा धारकाची लांबी मोजल्याशिवाय तो घेऊ नये. धारकात तो दाबून बसवला तर पत्र्याच्या पट्ट्या वाकतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्रात हे दोन सेल समांतर जोडलेले असतात. एक सेल भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर बसवताक्षणी भरलेल्याकडून रिकाम्याकडे मोठा प्रवाह धावतो आणि दोन्ही तापतात. म्हणून एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले दोन नवे सेल बाहेरच्या चार्जरमध्ये ४.२ व्होल्टपर्यंत भरून, मल्टिमीटरने दोन्हींचा व्होल्टेज जवळजवळ सारखा आल्याची खात्री करूनच ते बसवावेत. धन आणि ऋण टोकांच्या खुणा बोर्डावर छापलेल्या असतात. त्या प्रकाशात नीट पाहाव्यात, अंदाजाने जाऊ नये. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हे यंत्र ठेवू नये, आणि फुगलेला किंवा चेपलेला सेल घंटागाडीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा.

६. कार्ड तयार करणे

मायक्रोएसडी कार्ड किमान ३२ गिगाबाइटचे, ए१ किंवा ए२ अशी खूण असलेले घ्यावे. नकली कार्डे संगणकाला मोठी क्षमता सांगतात आणि प्रत्यक्ष क्षमता संपली की जुन्या माहितीवरच लिहीत जातात, म्हणून ‘एफ३’ या मुक्त साधनाने संपूर्ण कार्ड लिहून आणि वाचून तपासावे. याला वेळ लागतो, तो द्यावा.

रास्पबेरी पायची नेहमीची प्रणाली जशीच्या तशी लिहिली तर पडदा उजळणार नाही. पडद्याचे आणि वीजनियंत्रण चिपचे ड्रायव्हर असलेला बदललेला कर्नल लागतो, आणि तो निर्मात्याच्या किंवा समुदायाने बनवलेल्या यूकन्सोलसाठीच्याच इमेजमध्ये (कार्डावर लिहायच्या संपूर्ण प्रणालीच्या फाइलमध्ये) असतो. इमेज उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आल्याची खूण) पडताळून पाहावा. मगच रास्पबेरी पाय इमेजरने ती कार्डावर लिहावी.

७. जोडणी

जोडणी निवांत संध्याकाळी, स्वच्छ टेबलावर करावी. हिवाळ्यात निफाडचा पारा उतरतो तेव्हा आपल्याकडची हवाही कोरडी होते, आणि स्वेटर घालून काम करताना अंगावर स्थिर वीज साठते. बोर्डाला हात लावण्याआधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. मॉड्यूल आधी संचातल्या जोडपट्टीवर (अडॅप्टर बोर्डावर) दाबून बसवावे, आणि ती पट्टी लॅपटॉपच्या रॅमप्रमाणे तिरकी सरकवून खाली टेकवावी. आवरण धातूचे असल्याने वायफायला बाहेरची अँटेना लागते. तिची बारीक तार मॉड्यूलवरच्या सोनेरी गोल टोकावर अगदी सरळ ठेवून बोटाने दाबायची, म्हणजे ‘टक्’ असा आवाज येतो. हे टोक काही मोजक्याच वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेले असते, म्हणून खेळ म्हणून काढू-घालू नये. पडद्याची चपटी पट्टी घालताना कनेक्टरची छोटी कडी आधी उघडावी, पट्टी शेवटपर्यंत सरळ सरकवावी आणि मगच कडी मिटवावी. कडी नखानेच उचलावी, चिमट्याने नव्हे. ती तुटलीच तर महात्मा गांधी रस्त्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांपैकी मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्या कारागिराकडे जावे. त्यांच्यासाठी असे कनेक्टर रोजचे आहेत.

स्क्रू सगळे एकदम घट्ट करू नयेत. आधी सर्व सैल लावावेत, यंत्र सुरू होते याची खात्री करावी आणि मगच आवळावेत.

८. पहिल्यांदा सुरू करताना

बटण काही क्षण दाबून धरावे. सुरुवातीची अक्षरे आडवी दिसली तर घाबरू नये. हा पडदा मुळात उभा असून तो फिरवण्याचे काम पुढे प्रणाली करते. वायफाय क्षीण असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये बाहेरची अँटेना निवडली आहे का ते पाहावे, कारण मॉड्यूलवर स्वतःचीही अँटेना असते. देश म्हणून भारत निवडावा.

यानंतरचा सापळा सर्वांत फसवा आहे. प्रणाली अद्ययावत करताना मूळ भांडारातला (प्रोग्रॅम जिथून उतरतात त्या साठ्यातला) साधा कर्नल आपल्या बदललेल्या कर्नलच्या जागी बसला, तर पुढच्या वेळी पडदा काळा राहतो. यंत्र बिघडलेले नसते, फक्त पडद्याचा ड्रायव्हर हरवलेला असतो. म्हणून अद्ययावत करण्यापूर्वी कर्नलचे पॅकेज ‘होल्ड’वर, म्हणजे आपोआप बदलू नये असे रोखून ठेवलेले, आहे का ते तपासावे, आणि चालू स्थितीतल्या कार्डाची संपूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवावी. असे झालेच, तर ती प्रत पुन्हा कार्डावर लिहिली की काम होते.

मराठीसाठी लोहित किंवा नोटो देवनागरी फाँट, आणि टंकलेखनासाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्ससोबत एम१७एन हे पॅकेज बसवावे. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी, दोन्ही कळफलक मिळतात.

९. खेळ

आपल्या प्रणालीचा पाया असलेल्या डेबियनच्या भांडारातच भरपूर खेळ आहेत. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा पाळीपाळीने खेळायचा युद्धखेळ ट्रॅकबॉलवर उत्तम चालतो, ‘ओपनटीटीडी’त रेल्वे आणि बसचे जाळे उभारता येते, आणि मुलांसाठी ‘सुपरटक्स’ आहे. ‘डूम’चा स्रोत १९९७ मध्ये खुला झाला, म्हणून ‘क्रिस्पी डूम’ हे इंजिन आणि ‘फ्रीडूम’चे मुक्त नकाशे मिळून संपूर्ण खेळ कायदेशीरपणे चालतो. ‘स्कमव्हीएम’ या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर ‘बिनीथ अ स्टील स्काय’सारखे, हक्कधारकांनी मोफत केलेले जुने कोडेखेळ मिळतात.

जुन्या कन्सोलचे एम्युलेटर (त्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम) चालवणे कायदेशीर आहे, आणि हे मॉड्यूल पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतची यंत्रे सहज पेलते. परंतु संकेतस्थळांवरून उचललेल्या खेळांच्या प्रती कॉपीराइट कायदा, १९५७ च्या विरोधात जातात. ज्या चळवळीचा पाया परवान्याचा आदर हा आहे, तिच्या यंत्रावर चोरीचे खेळ भरणे मला पटत नाही. आणखी एक: ‘लिनक्सवर चालतो’ असे लिहिलेला प्रत्येक विकत मिळणारा खेळ इथे चालेलच असे नाही, कारण बहुतेक खेळ इंटेल प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवलेले असतात आणि आपला प्रोसेसर एआरएम आहे. ‘बॉक्स६४’ हे साधन त्यांतले काही भाषांतर करून चालवते, पण वेग घटतो. पैसे भरण्यापूर्वी एआरएमवर चालतो का, हे तपासावे.

आणि स्वतःचा खेळ लिहा. ‘टिक-८०’ हे मुक्तस्रोत साधन २४० बाय १३६ बिंदूंचा पडदा आणि सोळा रंग एवढ्याच मर्यादेत लुआ किंवा जावास्क्रिप्टमध्ये खेळ लिहू देते. चित्रे, आवाज आणि प्रोग्रॅम यांचे संपादक एकाच खिडकीत असतात, त्यामुळे नाशिक रोड ते मनमाड या लोहमार्गावरच्या प्रवासातही काम पुढे सरकते.

१०. दुरुस्ती, बदल आणि नोंदी

मागचे आवरण बदलायचे असेल, पंखा किंवा मोठी अँटेना बसवायची असेल, तर समुदायाने प्रसिद्ध केलेली त्रिमितीय आरेखने वापरावीत. सातपूर-अंबड भागात त्रिमितीय छपाई करणारे सापडतात. त्यांना फाइल देताना पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकऐवजी पीईटीजी किंवा एबीएस सांगावे, कारण प्रोसेसरची उष्णता आणि आपला उन्हाळा मिळून पीएलए वाकू शकते. कळफलकाचे फर्मवेअर बदलण्यापूर्वी मूळ फाइल जपून ठेवावी.

एक वही किंवा फाइल सुरुवातीपासून ठेवा आणि तिच्यात मॉड्यूलचा क्रमांक, इमेजची आवृत्ती, सेल घेतल्याची तारीख व त्या दिवशीचा व्होल्टेज, आणि सेटिंगमध्ये केलेला प्रत्येक बदल लिहा. एखादा दोष प्रकल्पाला कळवायचा झाला तर नेमकी हीच माहिती मागितली जाते, आणि ती मिळाली की उत्तरही लवकर येते. मराठी अक्षरे एखाद्या खेळात तुटक दिसत असतील, जोडाक्षरे सुटी पडत असतील, तर तोही दोषच आहे. पडद्याचे चित्र, फाँटचे नाव आणि प्रणालीची आवृत्ती जोडून तो नोंदवावा. वेसनॉथसारख्या प्रकल्पांत भाषांतराच्या फाइली कोणालाही संपादित करता येतात, तेव्हा ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.